बंद यादीतली नऊ माणसं

१

घड्याळजी दारात येऊन उभे राहिले तेव्हा मी चष्मा शोधत होते, आणि चष्मा माझ्याच डोक्यावर होता. त्यांनी तो मला दाखवलासुद्धा नाही. एरवी या माणसानं त्यावरून मला महिनाभर चिडवलं असतं.

"बाई, तुम्ही पोस्टात बेवारशी पत्रांच्या खात्यात होता ना?"

"एकतीस वर्षं. आधी आत या, बसा."

"बसत नाही. माझ्या भावाची पत्रं कुणी मारली, एवढं शोधून द्या."

आमच्या खात्याचं काम असं होतं. पत्ता चुकलेलं, पुसलेलं, कुणीच न घेतलेलं पत्र आमच्याकडे यायचं. आम्ही ते उघडायचो, आतल्या मजकुरावरून माणूस हुडकायचो. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही आणि लोकांनीही जाऊ दिली नाही. हरवलेल्या पावत्या, पळालेली मांजरं, अबोला धरलेले नातेवाईक, सगळं माझ्याच उंबऱ्यावर येतं.

पण घड्याळजींची ही हकिगत वेगळी होती. त्यांचे दादा गेल्या मंगळवारी वारले. गाव दुसरं, आगगाडीनं पाच तासांवर. घशाच्या ऑपरेशननंतर दादांचा आवाज कायमचा गेला होता, तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं म्हणजे ईमेल. दोघंही त्याला पत्रच म्हणायचे. एक पत्र यांचं, एक दादांचं. लहानपणी घड्याळजी सारखे मधे तोंड घालायचे, म्हणून दादांनी अट घातली होती: आता पाळीनं बोलायचं, माझी पाळी असताना तू गप्प.

"फेब्रुवारीत मी शेवटचं लिहिलं. पाळी त्याची होती. एक महिना गेला, दोन गेले, दहा गेले. त्याचं उत्तरच नाही. मला राग आला, बाई. म्हटलं, एवढा काय मोठा झाला! मीही नाही लिहिलं. आणि एकदम बातमी आली ती तो वारल्याचीच. तिथं गेलो तर वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, सात पत्रं लिहिली त्यांनी, तुम्हाला दोन ओळी लिहिता आल्या नाहीत? आता कशाला आलात?"

त्यांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात कोंबला. गावाहून परतल्यावर ते मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेले होते. त्यानं मेलमधली एक यादी उघडून दिली होती. ब्लॉक केलेल्यांची यादी. तिच्यात ज्याचं नाव, त्याची पत्रं फोनमध्ये येतात पण दिसत नाहीत, आणि तीस दिवसांनी आपोआप पुसली जातात.

यादीत दादांचा पत्ता होता. शेजारी तारीख होती, एकोणीस फेब्रुवारी.

"मी माझ्या भावाला ब्लॉक करीन?" घड्याळजी म्हणाले. "फोनला हात लावणारी घरात दोनच माणसं आहेत. मुलगा आणि सून. रविवारपर्यंत घर सोडा म्हणून सांगितलंय दोघांना. खोकी भरताहेत. फक्त दोघांतलं कोण, ते सांगा. मरताना शिव्या कुणाला द्यायच्या ते मला कळायला हवं."

त्या दिवशी गुरुवार होता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दुकानात गेले. दुकान म्हणजे दोन माणसं बसली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहावं एवढी खोली. भिंतीवर पंधरावीस घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी. कुठलं बरोबर म्हणून विचारलं तर घड्याळजी एरवी म्हणायचे, "जे माझं नाही ते." आज नुसतं स्टुलाकडे बोट केलं.

खिडकीशी त्यांचं कामाचं टेबल. वर हिरवं कापड, भिंग, चिमटे, आणि दोन बाजूंना दोन पत्र्याचे ट्रे. डावीकडच्यावर चिकटपट्टी होती, 'व्हायचंय'. उजवीकडच्यावर 'झालेलं'. अक्षर छापल्यासारखं. डावीकडच्या ट्रेवर मात्र त्या पट्टीखालून दुसरी एक अर्धवट खरवडलेली पट्टी डोकावत होती. वेडंवाकडं अक्षर, कुण्या पहिलीतल्या पोरानं काढल्यासारखं. मी पाहिलं आणि सोडून दिलं. इथंच माझी अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय!

मुलगा आला. चाळिशीचा, दाढी वाढलेली, रात्रभर न झोपलेला. बापाकडे न बघता माझ्यासमोर बसला.

"काकू, सेटिंग मीच करून दिलं होतं. खोटं कशाला बोलू? दोन वर्षांपूर्वी बाबा कुठल्याशा लॉटरीच्या मेलला भुलून बँकेचा नंबर द्यायला निघाले होते. मग मी करून दिलं. पत्र वाचून झालं की कामाचं ते उजवीकडे सरकवायचं, ते 'जपलेलं' मध्ये जातं. फालतू ते डावीकडे सरकवायचं. डावीकडे गेलं की पाठवणारा कायमचा ब्लॉक."

"आणि त्यांना जमलं?"

"मला शिकवावं लागलंच नाही," घड्याळजी मधेच म्हणाले. मधे तोंड घालायची खोड जुनीच. "चाळीस वर्षं माझं झालेलं काम उजवीकडेच जातंय. हात आपोआप जातो."

"तुझं काकांशी वाकडं होतं?" मी मुलाला विचारलं.

त्यानं मान खाली घातली. "ही खोली दोघा भावांच्या नावावर. मला ती विकून बाजारात मोठं दुकान टाकायचं होतं. काकांनी सही दिली नाही. मी त्यांना नाही नाही ते बोललो होतो." मग तो हळूच म्हणाला, "आणखी एक आहे. ते बाबांना माहीत नाही."

भिंतीवरच्या एका घड्याळानं भलत्याच वेळी अकरा टोले दिले.

"ऑक्टोबरमध्ये काकांच्या घरून काकूचा दुकानाच्या फोनवर फोन आला होता. बाबा मनोऱ्यावरच्या घड्याळाला तेल द्यायला गेले होते. काकू म्हणाली, त्यांना फोन करायला सांग. कशाला ते बोलली नाही. मी हो म्हटलं आणि..."

"आणि?"

"विसरलो, काकू. आईशप्पथ, विसरलो."

घड्याळजी उठले. मला वाटलं, आता हात उगारतात. त्यांनी भिंतीवरचं टोले देणारं घड्याळ काढलं, लंबक थांबवला आणि पालथं ठेवलं.

३

सून घरी होती. स्वयंपाकघरात चार खोकी, वर्तमानपत्रात गुंडाळलेले कप. मला बघून तिनं पदराला हात पुसले आणि चहाचं आधण ठेवायला गेली, मग भांडं खोक्यात गेलंय हे आठवून तशीच उभी राहिली.

"राहू दे गं. मला सांग, फेब्रुवारीत काय झालं होतं?"

"बाबा मनोऱ्याच्या शिडीवरून पडले. उजवं मनगट मोडलं. चार फेब्रुवारीला प्लास्टर घातलं, अठरा मार्चला काढलं. सहा आठवडे त्यांची पत्रं मी टाइप करायचे. ते सांगायचे, मी लिहायचे."

मी फोनमधली यादी उघडली. काल गडबडीत फक्त दादांचं नाव पाहिलं होतं, आता सगळी वाचली. यादी लांबलचक होती. आधीची दोन वर्षं नुसता कचरा: केस उगवणारी तेलं, फुकट सहली, लॉटऱ्या. पुढे मार्चनंतर परत तसाच कचरा. पण चार फेब्रुवारी ते अठरा मार्च या सहा आठवड्यांत नऊच पत्ते होते, आणि नऊच्या नऊ जिवंत माणसांचे. एक एक पत्ता मी सुनेला वाचून दाखवला आणि ती कोण ते सांगत गेली. दादा. घड्याळजींचे शाळेतले मास्तर, आता नव्वदीचे. सुटे भाग पाठवणारा जुना व्यापारी. मनोऱ्याच्या घड्याळाची समिती. परदेशी गेलेला एक शिष्य. दूरची एक बहीण. असे नऊ.

"हेच ते दिवस," मी म्हटलं. "फोन तुझ्या हातात होता ते."

"हो."

"एकोणीस फेब्रुवारीला काय केलंस?"

"काकांना उत्तर लिहिलं. बाबांनी सांगितलं तसं. शिडी, प्लास्टर, डॉक्टरची नक्कल, सगळं. हसत होते ते. पाठवलं, आणि फोन त्यांच्या हातात दिला." ती खोक्यावरच बसली. "काकू, मी नाही केलं. पण माझ्याजवळ पुरावा नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हालाही माझाच संशय आला असता."

खरं होतं. तारीख तिच्याविरुद्ध होती, फोन तिच्याविरुद्ध होता. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात कुसळासारखी टोचत राहिली. सुनेला सासऱ्याच्या भावाचा राग असेलही. नव्वदीच्या मास्तरांशी तिचं काय वैर? आणि दूरच्या बहिणीला तर तिनं उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. ज्यानं कुणी ही यादी केली, त्याला घड्याळजींचा जीव कुणाकुणात अडकलाय ते नेमकं ठाऊक होतं. एक फालतू माणूस त्यात नव्हता आणि एक जवळचा सुटला नव्हता.

एवढं घड्याळजींच्या मनातलं कळणारं माणूस कोण?

एक नाव मला सुचलं आणि मी शनिवारची सकाळची गाडी पकडली.

४

वहिनींनी दार उघडलं पण आत या म्हटलं नाही. मी पोस्टातली म्हटल्यावर जरा बाजूला झाल्या.

हा फोन त्यांच्या हाती कसा पडला असेल ते कळत नव्हतं, तरी माझा संशय त्यांच्यावर होता, हे कबूल करते. पत्रं लिहिली असं त्याच म्हणत होत्या. कुणी पाहिली होती? दिराशी त्यांचं कधी जमलं नाही, हे घड्याळजींनीच सांगितलेलं. नवऱ्याचा एकुलता एक बोलायचा माणूस तोडायचा, आणि वर दिराच्याच माथी खापर फोडायचं, असं करणाऱ्या बायका मी बेवारशी पत्रांत ढिगानं पाहिल्यात.

"बघायचीत?" वहिनी म्हणाल्या. "बघा. मी कशाला लपवू?"

त्यांनी दादांचा फोन आणला. अजून चार्जिंगला लावलेला होता. पाठवलेल्या पत्रांत सात पत्रं होती. सातही घड्याळजींना. तारखा मार्च ते नोव्हेंबर. त्यात काही खोटं करायला जागाच नव्हती. माझा संशय तिथंच गळून पडला आणि स्वतःचीच शरम वाटली.

मी वाचत गेले. चष्मा दोनदा पुसला.

पहिल्या पत्रात दादांनी पडण्यावरून भरपूर थट्टा केली होती. मनोरा तसाच उभा आहे ना, की त्यालाही प्लास्टर घातलं? दुसऱ्यात विचारलं होतं, पाळी तुझी आहे, विसरलास का? तिसऱ्यात लिहिलं होतं, पाळीची अट मी मोडतो, थोरला आहे, मला चालतं. चौथ्यात घशातली गाठ परत आल्याचं होतं. पाचव्यात दोनच ओळी होत्या: 'तू ये. फार दिवस नाहीत.' सहाव्यात: 'यायला जमत नसेल तर नको येऊस. हात दुखत असणार तुझा. नुसतं बरा आहे एवढं लिही.'

"तुम्ही स्वतः का नाही कळवलंत? फोन का नाही केलात?" मी जवळजवळ ओरडलेच.

"एकदा केला. मुलगा म्हणाला सांगतो. मग त्यांनी मला बजावलं, परत करायचा नाही. त्याचा हात मोडलाय, तो लिहीत नाही म्हणजे त्याला दुखतंय, उगाच धावत येईल आणि पुन्हा पडेल." वहिनी भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या. "नऊ महिने कुणाचा हात मोडलेला असतो का हो? मला कळत होतं. त्यांनाही कळत असणार. पण भाऊ आपल्याला टाकून देईल हे त्यांना मानायचंच नव्हतं. मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, सात पत्रांनी येत नाही तो फोननं कशाला येतोय."

सातवं पत्र त्यांच्या जाण्याच्या आधी सहा दिवसांचं होतं. तीन शब्दांचं. ते वाचून मी फोन खाली ठेवला आणि वहिनींकडे पाणी मागितलं.

"याच्या प्रती काढून देता?"

"न्या. मला काय करायच्यात?"

५

परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर कागद होते आणि हातात घड्याळजींचा फोन. डोक्यात कुणी केलं, कुणी केलं, हाच एक घोष. मुलगा? त्यानं नव्वदीचे मास्तर कशाला ब्लॉक करायचे? सून? तेच. वहिनी? त्यांच्या हाताशी हा फोन कधी नव्हताच.

सहा आठवडे. नऊ जवळची माणसं. एकही फालतू नाही.

आणि मी ताडकन उठून बसले. शेजारचा प्रवासी दचकला.

एकही फालतू नाही! आधी दोन वर्षं रोज तीनचार जाहिराती ब्लॉक करणारा हा फोन, त्या सहा आठवड्यांत एकही जाहिरात ब्लॉक करत नाही? मग त्या दिवसांतल्या जाहिराती गेल्या कुठं? लॉटरीवाले काय माणूस पडला म्हणून सुटी घेतात?

मी 'जपलेलं' उघडलं. वरून खाली सरकत गेले. दादांची जुनी पत्रं, मास्तरांचे आशीर्वाद, सगळं ओळीनं. मग चार फेब्रुवारी आली आणि मी कपाळावर हात मारला. केस उगवणारं तेल. फुकट सहल. पाच कोटींची लॉटरी. गुडघेदुखीचा पट्टा. अठरा मार्चपर्यंत नुसत्या जाहिराती, एकशे चाळीस तरी असतील, प्रेमानं जपून ठेवलेल्या.

सहा आठवडे सगळं उलटं झालं होतं. नकोसं ते उजवीकडे, हवंसं ते डावीकडे. वैऱ्यानं भावाला ब्लॉक केलं असतं, पण लॉटरी जपून ठेवली नसती. हे वैऱ्याचं काम नव्हतंच. हे सवयीचं काम होतं.

आणि मला ती अर्धी खरवडलेली पट्टी आठवली. डावीकडच्या ट्रेवरची, पहिलीतल्या पोराच्या अक्षरातली. तिच्यावर काय उरलं होतं? शेवटचं अक्षर 'लं' होतं. 'व्हायचंय' मध्ये 'लं' कुठला?

स्टेशनवरून मी तडक त्यांच्या घरी गेले. दार सुनेनंच उघडलं.

"प्लास्टरमध्ये असताना बाबा दुकानात बसायचे?"

"बसायचे की. घरात कुठले राहताहेत! पट्टे बदलणं, सेल घालणं, डाव्या हातानं जमेल तेवढं करायचे. उजवा हात टेबलावर उशी घेऊन टेकवलेला. म्हणून ट्रेवरच्या पट्ट्यासुद्धा डाव्या हातानं लिहून उलट्या लावल्या होत्या, झालेलं काम डावीकडे." ती बोलता बोलता थांबली. बाई हुशार होती, मी बोलायच्या आधीच पोचली. तिनं तोंडावर हात ठेवला. "आणि फोनही डाव्या अंगठ्यानं..."

"वाचून झालं, काम झालं, डावीकडे. तू उत्तर पाठवून फोन त्यांच्या हातात दिलास. त्यांनी दादांचं पत्र 'झालेल्या'त टाकलं. त्यांच्या मते जपून. प्लास्टर निघालं, त्यावर नव्या सुलट्या पट्ट्या चिकटल्या, हात परत वळणावर आला. पण तोवर नऊ माणसं पलीकडे बंद झाली होती."

सुटलीस तू, असं तिला म्हणावंसं वाटलं आणि म्हणवेना.

"काकू," ती म्हणाली, "त्यांना सांगू नका."

"अगं, उद्या तुम्हाला घराबाहेर काढताहेत!"

"जाऊ आम्ही. मी केलं म्हणून सांगा. माझ्यावर चिडून निदान जगतील तरी. स्वतःच्या हातानं झालं हे कळलं तर..." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "तुम्हीच सांगा, कळून काय मिळणार आहे त्यांना?"

एकतीस वर्षं मी पत्रं योग्य माणसाच्या हातात पोचवली. त्यात कुणाचा जीव जाईल याचा विचार करायचा आमच्या खात्यात नियम नव्हता. मी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

६

रविवारी सकाळी दुकानात आम्ही चौघं होतो. मुलगा दारात उभा. घड्याळजी टेबलाशी, दाढी केलेली, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. कुणाला तरी शिक्षा द्यायला माणूस असाच तयार होऊन बसतो.

"बोला, बाई. कोण?"

मी तोंड उघडलं. त्याआधी सून पुढं झाली.

"मी, बाबा. मी केलं."

मुलगा "अगं!" म्हणून ओरडला. घड्याळजी तिच्याकडे बघत राहिले.

"का?"

"राग होता काकांचा. सही देत नव्हते म्हणून."

"आणि मास्तर? त्यांचंही नाव मी त्या यादीत पाहिलंय. त्यांनी तुझं काय खाल्लं होतं?"

माणूस दुःखी होता पण त्याचा धंदा बारीक वस्तू पाहण्याचा होता. घड्याळजींनी माझ्यापुढे हात केला. "फोन द्या. कसं उघडतात ते दाखवा. आधी माझी माणसं त्या यादीतून बाहेर काढू, मग बाकीचं बघू."

मी दाखवलं. यादी, नाव, नावावर बोट दाबून धरायचं, 'ब्लॉक काढा'. ते एकेक नाव काढत गेले. मास्तर. व्यापारी. समिती. बहीण. प्रत्येक तारीख ओठांत पुटपुटत होते. सहा फेब्रुवारी. अकरा. चौदा. दादा सोडून आठ झाले.

"सगळे प्लास्टरमधले दिवस," ते म्हणाले.

"दादाचं जुनं पत्र तरी असेल ना, 'जपलेलं' मध्ये?" म्हणत त्यांनी ते उघडलं. मला फोन काढून घ्यायला हवा होता. लॉटरी, तेल, गुडघ्याचा पट्टा त्यांच्या भिंगासमोरून गेले. मग त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं. डावा हात उचलला, हवेतच अंगठा डावीकडे सरकवला, एकदा, दोनदा. डावीकडच्या ट्रेकडे पाहिलं. नखानं वरची पट्टी सोलली. खाली त्यांच्याच डाव्या हाताचं वाकडं अक्षर होतं, 'झालेलं'.

"तू नाहीस," ते सुनेला म्हणाले. आवाज अगदी साधा. "खोकी सोडा, जा. दोघंही जा घरी."

ती गेली नाही. मुलगाही गेला नाही.

"बाबा, चूक झाली. कुणाचीही होते," मुलगा म्हणाला. "मी फोन विसरलो, तीही चूकच."

"अंगठ्याची चूक होती, मान्य. पण दहा महिने मी का नाही लिहिलं रे? तो काय अंगठा होता?" घड्याळजींनी स्वतःच्या छातीवर बुक्की मारली. "पाळी त्याची होती म्हणे! मुका माणूस तो, माझ्या दोन ओळींवर जगत होता. आणि मी इथं बसून पाळी मोजत होतो."

कागद माझ्या पिशवीत होते. द्यावेत की नाही, हे मला त्या क्षणापर्यंत ठरवता आलं नव्हतं. त्यांनीच पिशवीकडे बोट दाखवलं. "वहिनीकडून आणलीत ना? तुम्ही रिकाम्या हातानं परत येणाऱ्या नाहीत."

मी दिली. त्यांनी सातही पत्रं ओळीनं वाचली, एकही ओळ न गाळता. मनोऱ्याच्या प्लास्टरपाशी त्यांना हसू आलं, आणि ते हसू बघणं फार वाईट होतं. पाचव्या पत्राशी त्यांनी टेबलाची कड धरली. मग सातवं आलं, तीन शब्दांचं.

'हात कसा आहे?'

त्यांनी उजवा हात समोर धरला. मनगटावरची जुनी खूण, बोटांना तेलाचा डाग. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग फोन जवळ ओढला आणि यादीतलं शेवटचं नाव काढलं. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, दादांना उत्तर लिहू लागले. त्यांना लिहायला किती वेळ लागला कोण जाणे. भिंतीवरच्या कुठल्याही घड्याळाचं मी ऐकलं नाही.

मी खांद्यावरून वाचलं. 'हात बरा आहे, दादा.' एवढंच.

ते पाठवलं. पाच तासांवरच्या एका घरात, चार्जिंगला लावलेल्या एका फोनची घंटी वाजली असणार आणि वहिनी तिकडे वळल्या असणार. घड्याळजींनी फोन हिरव्या कापडावर, बरोबर आपल्यासमोर ठेवला आणि खुर्ची पुढं ओढून घेतली.

"चला, बाबा, घरी," सून म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले. "आता पाळी त्याची आहे."